घरचीच भाजी

प्रतापनगर, नागपूर
९ मार्च १९८३

प्रिय प्रेमिला,

तुझ्या बियांच्या पुड्या मिळाल्या. पुडीवर बियाण्याचं नाव लिहायचं सोडून तू ‘ओळख पाहू’ असं लिहिलंस, म्हणून मी सगळ्याच पेरून टाकल्या. भेंडी ओळखली, पालक ओळखला, तिसरं काय उगवलंय ते देव जाणे. सासूबाई म्हणतात, गवत आहे.

होस्टेलच्या खिडकीत तू डालड्याच्या डब्यात कांदा लावला होतास आणि मी तुला आठवडाभर हसले होते. त्याचं फळ आता भोगते आहे. तू कुहीला ग्रामसेविका होऊन बायकांना शेती शिकवतेस आणि मी इथे बारा बिऱ्हाडांच्या सोसायटीत, तळमजल्यावर, तुझ्याकडून पत्रानं शिकते आहे.

तू लिहिलंस तसा मागच्या अंगणात कंबरभर खड्डा केला. भाजीची सालं, चहाचा चोथा, झाडलेला पाला, सगळं त्यात, आणि वर मातीचा थर. वास येईल म्हणून सासूबाई चार दिवस नाकाला पदर लावून बसल्या होत्या, पण आला नाही. आंघोळीचं पाणी नालीत जायचं, ते आता केळीला जातं. पूर्वी सालं टाकायला मी रोज सकाळी कोपऱ्यावरच्या कचराकुंडीपर्यंत जात असे, तीही खेप वाचली.

हे फार खूश आहेत. ऑफिसातल्या सगळ्या कारकुनांना आमचा खड्डा तोंडपाठ झाला आहे. काल म्हणाले, “एवढी भाजी घरीच निघणार असेल तर बुधवारी-रविवारी खामल्याच्या बाजारात तुला उन्हातान्हात जायला नको.” किती काळजी बघ. हे पत्रही तेच पोस्टात टाकणार आहेत.

तुझी
चारू

कुही
२८ मार्च १९८३

चारू, सप्रेम जयभीम.

तिसरी चवळी आहे. सासूबाईंना म्हणावं, असं गवत रोज उगवो.

तुझं पत्र मी इथल्या बायकांच्या बैठकीत मोठ्यानं वाचलं. शहरातली बी.ए. झालेली बाई आंघोळीचं पाणी झाडाला घालते, हे ऐकून आमची पार्वतीबाई म्हणाली, “मंग तिच्यात अन् आमच्यात फरक काय रायला वं?” मी म्हटलं, फरक एवढाच, की तुम्ही नाइलाजानं करता आणि ती हौसेनं करते.

आता पुढचं ऐक. आमच्याकडे सूर्यचुली आल्या आहेत. लाकडी पेटी, आत काळे डबे, वर काच, झाकणाला आरसा. डाळ-भात आपोआप शिजतो, फक्त दर अर्ध्या तासाने पेटी उन्हाकडे फिरवावी लागते. नागपूरच्या उन्हाचा इतकी वर्षं नुसता जाचच झाला, आता त्याला कामाला लाव. एक पेटी तुझ्यासाठी धरून ठेवली आहे, पुढच्या महिन्यात आमच्या जीपमधून येईल. रॉकेलच्या रांगेत दर पंधरवड्याला दोन-दोन तास उभी राहतेस ना, ते बंद. तुला मोकळं करायचा मी विडाच उचलला आहे.

तुझी
प्रेमिला

प्रतापनगर, नागपूर
४ मे १९८३

प्रिय प्रेमिला,

पेटी आली. भात छान होतो. रॉकेल इतकं कमी लागतं की रांगेत जावं लागत नाही. बाजारातही जावं लागत नाही. भेंडी भरपूर, चवळी भरपूर. आमच्या सुमीची शाळा कंपाउंडला लागूनच आहे, ती एकटी जाते-येते. आता मला कुठेच जावं लागत नाही.

पेटी फिरवायची वेळ झाली, म्हणून थांबते. आता बियाणं नको पाठवू. जागा उरली नाही.

चारू

कुही
११ जुलै १९८३

चारू, सप्रेम जयभीम.

‘आता मला कुठेच जावं लागत नाही.’ हे तुझं वाक्य मी आमच्या वर्गाच्या फळ्यावर लिहून ठेवलं आहे. इथल्या बायका सरपणासाठी दोन कोस जातात, त्यांना वाचून दाखवलं की त्या गप्प होतात. काही म्हण, तुझ्यासारखं नशीब लागतं.

पत्र मात्र एवढंसंच लिहिलंस. कामात बुडालीस, हे कळलं. बुडलेली माणसंच सुखी असतात.

आता पुढचं तुझ्या मधुसूदनरावांनाही वाचून दाखव. डिसेंबरात आमच्या वीस-बावीस ग्रामसेविकांची सहल आहे, शहरातले लोक काय करतात ते बघायला. मी तुझं नाव सुचवलं आणि साहेबांनी लगेच मान्य केलं. अट एकच, की एका बाईचं अंगण नको, सगळी सोसायटी हवी. बाराही बिऱ्हाडं खड्डे करताहेत, पाणी वाचवताहेत, असं दिसलं पाहिजे. तुला ते अवघड नाही. तारीख ठरली की कळवते.

तुझी
प्रेमिला

प्रतापनगर
१७ ऑगस्ट १९८३, बुधवार

प्रेमिला,

हे पत्र तुझ्या हातात ठेवणारी बाई प्रयागबाई. खामल्याच्या बाजारात माझी नेहमीची भाजीवाली. राखीला भावाकडे कुहीला येते आहे, म्हणून तिच्याजवळ देते. पोस्टातून जाणारं प्रत्येक पत्र हे आधी वाचतात. चोरून नाही, समोर बसून, हसत. तुझीही आधी तेच फोडतात. म्हणून आजवर तुला खरं लिहिता आलं नाही.

आज दुपारी प्रयागबाई सोसायटी शोधत आली. म्हणाली, “काहून वं बाई, चार महिने झाले, दिसून नाही राहिली. मले वाटलं बिमार पडली.” मी म्हटलं, आता घरचीच भाजी होते. ती म्हणाली, “भाजी घरची हाये त् माणूसबी घरातच ठेवून देल्लं का?” तिला चहा दिला, आणि आत जाऊन रडले.

आमच्या घरात बाईनं कामाशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. कोणी तसं बोलत नाही, पण नियम पक्का आहे. काम असलं तर कोणी अडवत नाही, हेही खरं. मला तीन कामं होती, कचराकुंडी, बाजार आणि रॉकेल. खड्डा झाला, कुंडी संपली. भाजी आली, बाजार संपला. तुझी पेटी आली, रांग संपली. पावसात पेटी चालत नाही, तर रॉकेल हे स्वतः आणतात. एकेक दार मी माझ्या हातानं लावून घेतलं आणि तू कुहीहून शाबासकी दिलीस. तुझा दोष नाही. मलाही मातीत हात घालायला आवडत होतं, म्हणून कळलं नाही.

आता मुख्य गोष्ट. जानेवारीपासून मी टायपिंगच्या क्लासला जात होते. बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. भाजी वीस मिनिटांत घ्यायची आणि उरलेला तास तिथे. मराठी, मिनिटाला तीस शब्द. परीक्षा डिसेंबरात आहे आणि फॉर्मही भरून ठेवला आहे. पास झाले तर नोकरीला अर्ज करता येईल. माझी बी.ए.ची पदवी नऊ वर्षं ट्रंकेत नॅप्थलीनच्या गोळ्यांबरोबर पडून आहे, तिचं काही तरी होईल. पण एप्रिलपासून यंत्राला बोट लागलेलं नाही. पुठ्ठ्यावर अक्षरं काढून ती पोळपाटाखाली लपवली आहेत, दुपारी त्यावर बोटं चालवते. पुठ्ठ्यावर माझा वेग उत्तम आहे.

तू म्हणशील, सरळ सांगून टाक. सांगितलं तर हे रागावणार नाहीत, नुसतं ‘कशाला?’ म्हणतील. घरात काही कमी नाही, आणि कमी नसताना बाईनं मागायचं तरी काय? हे ओरडत नाहीत, हात उगारत नाहीत. प्रेमानं घरात ठेवतात. त्याच्याशी भांडायचं कसं, ते मला अजून जमलेलं नाही.

उत्तर वरच्या मजल्यावरच्या इंदूबाईंच्या नावानं पाठव. त्यांना सांगितलं आहे. यापुढे माझी पत्रंही त्याच पोस्टात टाकतील.

चारू

कुही
२४ ऑगस्ट १९८३

चारू,

फळा पुसला. सगळ्यात आधी ते केलं.

तुझी मागची पत्रं काढून पुन्हा वाचली. ‘किती काळजी बघ’ हे वाक्य मी तेव्हा हसून वाचलं होतं. आज त्याच्याखाली रेघ मारली. बायकांचं ऐकून घ्यायचा पगार मी सात वर्षं घेते आहे, आणि माझ्याच मैत्रिणीचं मला ऐकू आलं नाही.

आधी वाटलं, तडक येऊन मधुसूदनरावांना चार शब्द सुनवावेत. पण मी सुनावून बसनं परत येईन आणि तू तिथेच राहशील. तेव्हा दुसरी युक्ती केली आहे. परवा पोस्टानं एक पत्र येईल, ते त्यांच्यासाठीच आहे. तू वाचताना चेहरा गंभीर ठेव.

प्रेमिला

कुही
२६ ऑगस्ट १९८३

प्रिय चारू,

तुझ्या खड्ड्याबद्दल आमच्या साहेबांशी बोलणं झालं. त्यांचं म्हणणं, शहरातल्या खड्ड्यात शेण कमी पडतं, त्यामुळे खत कच्चं राहतं. तरी दर बुधवारी व रविवारी खामल्याच्या गोठ्यातून ताजं शेण आणावं. शेण घरच्या गृहिणीनं स्वतः पारखून आणलेलं बरं, कारण ओलं किती, सुकं किती, हे तिलाच कळतं. गोठ्यात दीड तास लागला तरी हरकत नाही. घाई करू नये.

मधुसूदनरावांना नमस्कार.

प्रेमिला

प्रतापनगर
२० सप्टेंबर १९८३

प्रेमिला,

शेणाची गोष्ट सांगते, म्हणजे तुझी अक्कल ठिकाणावर येईल.

पत्र यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, “तू शेण उचलायला जाणार? लोक काय म्हणतील?” आणि तेव्हापासून दर बुधवारी-रविवारी स्वतः सायकलच्या हँडलला बादली अडकवून जातात. ओलं किती, सुकं किती, हे त्यांना आता माझ्यापेक्षा जास्त कळतं. गोठ्यातल्या म्हशींची नावंसुद्धा सांगतात. दीड तास लावतात, घाई करत नाहीत. इतके दिवस रविवारी हे दुपारभर झोपायचे तरी. आता परत येतात आणि खड्ड्याशी उभं राहून मला शेणाबद्दल शिकवतात.

पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरात तोंडावर टॉवेल दाबून हसले. दुसऱ्या आठवड्यात हसू आलं नाही. मी जे काम काढेन ते हे आनंदानं स्वतःच्या अंगावर घेणार, हे लक्षात आलं. आणखी नवं काम शोधून सुटका नाही. आहे तेच काम माझ्या एकटीचं राहता कामा नये.

मग तुझी सहलीची अट आठवली. मी एवढंच म्हटलं, “बाराही बिऱ्हाडं दिसली पाहिजेत, नाही तर पाहुण्यांसमोर आपली शोभा होईल.” ‘आपली’ म्हटलं, त्याचा परिणाम झाला. हे स्वतः घरोघर गेले. मागच्या मोकळ्या जागेत आता चार मोठे खड्डे आहेत. सात बिऱ्हाडांना एकेक वार वाटून दिला आहे, उरलेली पाच पाण्याच्या पाळीला. सालं गोळा करणं, खत खालीवर करणं, ज्याचा वार त्यानं करायचं. माझा गुरुवार. आधी मला रविवार आला होता, तो इंदूबाईंना देऊन मी त्यांचा हा वार मागून घेतला. पहिल्या मजल्यावरचे महादेवराव आधी म्हणाले, “मी पेन्शनर माणूस, मले कचऱ्यात काहून ओढता?” आता तेच काठी घेऊन उभे असतात आणि कोणाच्या डब्यात प्लास्टिकची पिशवी दिसली की नाव घेऊन हाक मारतात. कापडी पिशव्या शिवून घेतल्याशिवाय त्यांनी दोन बिऱ्हाडांना खड्ड्याजवळ येऊ दिलं नाही.

आणि भाजी वाटून टाकली. सगळ्यांनी पाणी घातलं, तर सगळ्यांचा हक्क, हे यांनीच सभेत सांगितलं. बारा घरांत वाटल्यावर आमच्या वाट्याला परवा सात भेंड्या आल्या. सासूबाईंनी त्या ताटात मांडून बघितल्या आणि म्हणाल्या, “ह्याची भाजी करायची की कोशिंबीर?”

म्हणून बाजार पुन्हा सुरू झाला. फक्त रविवारी. बुधवारी नाही म्हणाले. पण एक तास मिळाला. परवा यंत्राला हात लावला, तर बोटं लाकडासारखी. मिनिटाला बारा शब्द. क्लासच्या बाई म्हणाल्या, डिसेंबर कठीण आहे. मी म्हटलं, बसणार.

चारू

कुही
२ नोव्हेंबर १९८३

चारू,

तारीख ठरली. रविवार, १८ डिसेंबर. सकाळी साडेदहाला तुमच्याकडे. साहेबांचं पत्र मधुसूदनरावांना वेगळं जाईल. तुझी तयारी कशी आहे? खड्ड्यांची नाही विचारत, बोटांची विचारते आहे.

प्रेमिला

प्रतापनगर
१० नोव्हेंबर १९८३

प्रेमिला,

साहेबांचं पत्र आलं. यांनी ते ऑफिसात नेऊन दाखवलं. हेडक्लार्क सपत्नीक येणार आहेत. सतरंज्या ठरल्या, चहा-पोहे ठरले. पाहुण्यांना सगळं मी समजावून सांगायचं, हेही ठरलं. कागदावर मुद्दे काढून दिले आहेत त्यांनी.

या रविवारी क्लासमधून परीक्षेचं कार्ड मिळालं. रविवार, १८ डिसेंबर. सकाळी अकरा. बर्डीजवळच्या शाळेत.

दहा वेळा वाचलं. तारीख बदलत नाही. मिनिटाला चोवीस शब्द झाले होते गं. आता काय लिहू ते सुचत नाही. तू हे मुद्दाम केलं नाहीस, मला माहीत आहे. पण आज तुझा राग आला आहे, आणि तो तुला कळावा म्हणूनच हे लिहिते आहे.

चारू

कुही
१५ नोव्हेंबर १९८३

चारू,

राग पोचला. बरोबरच आहे.

तारीख बदलायचा प्रयत्न केला. गाडी, जेवण, दुसऱ्या दोन ठिकाणच्या भेटी, सगळं बांधलेलं आहे, साहेब ऐकत नाहीत. पण मी त्या दिवशी मुलींबरोबर येणारच आहे. खड्ड्याबद्दल तू जे सांगणार, ते सगळं तुला मीच शिकवलं आहे. ते मी सांगेन. तू निघून जा.

मात्र निघताना पळून जाऊ नकोस. बाजाराचं, शेणाचं, कशाचं निमित्त करू नकोस. आमच्या बावीस जणींसमोर, हेडक्लार्कसमोर, परीक्षेला जाते आहे असं सांग आणि जा. चारचौघांत मधुसूदनराव नाही म्हणणार नाहीत. घरात मात्र त्यांच्या ‘कशाला’ला तू हरशील, हे मला दिसतं आहे.

मी तुझ्यासाठी ठरवायला नको, इतकं तरी या वर्षी शिकले आहे. जमणार नसेल तर कळव, मी काही बोलणार नाही.

प्रेमिला

प्रतापनगर, नागपूर
२१ डिसेंबर १९८३

प्रिय प्रेमिला,

हे पत्र मी स्वतः पोस्टात टाकते आहे. कोणी वाचलं तर वाचू दे.

गेटाशी तू तीन मिनिटं भेटलीस, त्यात माझा हात इतका घट्ट धरलास की परीक्षेच्या पहिल्या पाच मिनिटांत मधलं बोट चालत नव्हतं. नापास झाले तर तुझ्या नावावर.

मी सगळ्यांसमोर म्हटलं, “माझी टायपिंगची परीक्षा आहे, मी निघते. प्रेमिलाताई तुम्हाला सगळं दाखवतील, आणि आमची बाराही बिऱ्हाडं आहेतच.” यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग हेडक्लार्ककडे. ते गृहस्थ म्हणाले, “वा, वहिनी, शाब्बास.” मग हेही हसले. ते हसणं कसं होतं, हे तिथे फक्त मला कळलं.

रिक्षात बसले. कामाशिवाय, पिशवीशिवाय घराबाहेर पडायची नऊ वर्षांत पहिलीच वेळ. मागून कोणी हाक मारेल असं बर्डी येईपर्यंत वाटत होतं. परीक्षा झाली. दोन ओळी राहिल्या. एका ठिकाणी कागद तिरका ओढला गेला. पास होईन असं छातीठोक सांगता येत नाही.

परत आले तेव्हा तुमची गाडी गेलेली होती. महादेवरावांनी बावीस जणींना एक तास प्लास्टिकवर व्याख्यान दिलं, हे इंदूबाईंनी सांगितलं. खड्ड्यांचं सगळं नीट झालं. माझ्यावाचून काही अडलं नाही, हे ऐकून इतकं बरं वाटलं की मला स्वतःचंच नवल वाटलं.

यांचं मात्र दोन दिवस सगळं रोजच्यासारखं चाललं. जेवले, ऑफिसला गेले, आले. काल म्हणाले, “मला आधी सांगायला काय झालं होतं?” मी म्हटलं, “तुम्ही ‘कशाला’ म्हटलं असतं.” ते म्हणाले, “हो, म्हटलं असतं.” आणि मग, “कशाला, ते अजूनही मला कळलं नाही.” त्यांना खरंच कळलेलं नाही, प्रेमिला. कळेल की नाही, मला माहीत नाही. मी त्याच घरात आहे, उंबरा तोच आहे.

हे पुढचं पोस्टातच बसून लिहिते आहे. आज सकाळी इकडे यायला निघाले. काम कोणतं, हे कोणी विचारलं नाही, पण सासूबाई दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “नापास झालीस तर?”

“तर आणखी सहा महिने क्लासला जावं लागेल.”

“अन् पास झालीस तर?”

“तर रोज नोकरीला.”

त्यांनी दोन खडे काढून बाजूला टाकले. मला वाटलं, आता येतं ते ‘कशाला’. मी चप्पल पायात घालून तशीच उभी राहिले.

“दार ओढून घेत जा मग,” त्या म्हणाल्या. “मांजर शिरते.”

तुझी
चारू